टी-शर्टचा कुबट वास आणि सोललेल्या मांड्या: किनाऱ्यावर पळताना लागू पडलेले उपाय

दापोली-गुहागरकडे वाळूत पळायचं तर जाड सुती टी-शर्ट नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. हवा आधीच दमट, म्हणून ते अंगावर वाळतच नाही. १२० ते १५० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जाळीदार पॉलिएस्टर बघा, उजेडासमोर धरल्यावर बारीक भोकं दिसली पाहिजेत. नुसतं चालायला जुना पातळ सदराही पुरतो, उगाच खर्च कशाला!

पॉलिएस्टरची खोड म्हणजे वास. अंगाचं तेल धाग्याला चिकटतं, त्यावर जंतू वाढतात आणि पावसाळ्यात कपडा दोरीवर दोन दिवस ओला राहिला की संपलंच. माझ्याकडे हे चाललं: कपडा उलटा करून चार लिटर पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायचा, पिळायचा, मग नेहमीसारखा धुवायचा. व्हिनेगरमध्ये ब्लीच चुकूनही नको, विषारी वायू होतो. फॅब्रिक कंडिशनरही बंद. त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही. वाळवायचं हँगरवर, पंख्याखाली, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून.

मांड्या सोलतात त्या घासणाऱ्या शिवणीने आणि मिठाने. आत सपाट शिवणीची, अर्ध्या मांडीपर्यंतची घट्ट लायक्रा शॉर्ट घाला, आणि घासणाऱ्या जागी कातडीवर व्हॅसलीनचं बोट फिरवा. समुद्रात डुंबलात तर त्याच चड्डीत परत पळू नका. खारं पाणी सुकलं की मिठाचे कण कातडी खरवडतात. आधी गोड्या पाण्याने अंग धुवा, कोरडी चड्डी घाला.