बहावा फुलत नाही? या चुका टाळा

अंगणातला बहावा हिरवागार वाढतो, पण मे सरत आला तरी एक पिवळा घोस लोंबत नाही. अशा वेळी आधी झाडाचं वय बघा. बियांच्या रोपाला फुलायला पाच-सहा वर्षं सहज लागतात. त्यानंतरही फूल नसेल तर दोष बहुधा छाटणीचा असतो. बहाव्याचे घोस आधीच्या हंगामात वाढलेल्या डहाळ्यांवर, पानांच्या बगलेतून येतात. हिवाळ्यात झाड ‘साफ’ केलं, की त्या वर्षीचा बहरच फांद्यांबरोबर खाली पडतो. छाटायचंच असेल तर बहर ओसरल्यावर, जूनमध्ये छाटा. तेही वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपुरतंच.

सावलीतला बहावा फुलायला कां-कूं करतो. सहा तास थेट ऊन हवंच. लॉनमध्ये रोज भिजणारं, वर युरिया मिळणारं झाड नुसता पाला वाढवतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १० ते १५ लिटर पाणी द्या, मग पाणी हळूहळू कमी करा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळाली की झाड मेलं समजून लोक पाणी ओतत सुटतात. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला त्याच्या वेळेने फुलू द्या.

पावसाळ्यात कोवळी पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा ‘एमिग्रंट’ नावाच्या फुलपाखरांच्या असतात. कीटकनाशक मारू नका, कारण मोठं झाड पुन्हा पालवतं. रोप हातभर असेल तर अळ्या वेचून घ्या.

लावतानाची चूक मात्र नंतर सुधारत नाही. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं, म्हणून उंच रोपापेक्षा वर्षभराचं रोप घ्या. खड्डा २ × २ × २ फूट, भिंतीपासून १० ते १२ फूट लांब. काळ्या चिकण जमिनीत मातीत मुरूम मिसळा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. बुंध्याला माती चढवू नका.

बी नुसतं भिजवून पेरलं तर कठीण कवचामुळे महिनोन्‌महिने तसंच राहतं. एका बाजूने सँडपेपरवर घासा, रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलंच पेरा. शेंगेतला काळा गर रेचक आहे. तो मुलांना चाखू देऊ नका.