मॉड केलेल्या थ्रीडीएसचा बॅकअप: नँड आणि कार्ड, दोन्ही एकाच दिवशी

सांगलीत निन्टेंडो थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) दुरुस्त करून देणारा मला अजून भेटलेला नाही. त्यात २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएसचं ईशॉप हे ऑनलाइन दुकानही बंद झालं, आता तिथून नवीन गेम विकत मिळत नाही. तेव्हा आहे तेच जपायचं, आणि आपलं आपणच जपायचं. खालची रीत मॉड केलेल्या, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅमही चालतील असं बदललेल्या, यंत्रासाठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण गफलत इथेच होते. डेटा दोन जागी असतो. सिस्टिम यंत्राच्या आतल्या नँड चिपमध्ये, आणि डाउनलोड केलेले गेम व त्यांचे सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) एसडी कार्डावरच्या ‘निन्टेंडो थ्रीडीएस’ फोल्डरात. हा फोल्डर एनक्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलपात असतो आणि त्याची किल्ली नँडमधल्या ‘मूव्हेबल डॉट सेड’ या फाइलीत असते. सिस्टिम फॉरमॅट केली की किल्ली बदलते. मग कार्ड धडधाकट असूनही त्यातलं काही उघडत नाही. म्हणून दोन्हींचा बॅकअप एकाच दिवशी घ्या.

सुरुवात सेव्हपासून करा. ‘चेकपॉइंट’ हा सेव्ह काढून ठेवणारा प्रोग्रॅम उघडून महत्त्वाच्या गेमचे सेव्ह काढून ठेवा. हे सेव्ह एनक्रिप्शनशिवाय निघतात, त्यामुळे उद्या किल्ली बदलली तरी ते हाताशी राहतात. कार्ट्रिजच्या गेमचा सेव्ह बहुधा कार्ट्रिजमध्येच असतो, तोही इथूनच काढता येतो.

आता नँड. कार्डावर दोन जीबी जागा मोकळी करा, चार्जर लावा आणि यंत्र पूर्ण बंद करा. स्टार्ट बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर दाबा, म्हणजे ‘गॉडमोड९’ हा नँड आणि कार्डावरच्या फाइली हाताळणारा प्रोग्रॅम सुरू होईल. होम दाबून ‘स्क्रिप्ट्स’मध्ये जा, ‘जीएम९ मेगास्क्रिप्ट’ निवडा, मग ‘बॅकअप ऑप्शन्स’, मग ‘सिसनँड बॅकअप’. पट्टी पुढे सरकत राहते, तेवढा वेळ यंत्राला हात लावू नका.

काम झालं की यंत्र बंद करून कार्ड काँप्युटरला लावा. ‘जीएम९’ फोल्डरातल्या ‘आउट’मध्ये एक मोठी ‘डॉट बिन’ फाइल आणि तिच्या जोडीची इवलीशी ‘डॉट शा’ फाइल दिसेल. बिनच्या नावात तारीख आणि यंत्राचा सिरीयल नंबर असतो. ते नाव बदलू नका, दोन यंत्रं असतील तर ओळखायची खूण तीच. दोन्ही फाइली कॉपी करा, पाठोपाठ अख्खं कार्डही कॉपी करा. मग कार्डावरच्या आणि काँप्युटरवरच्या बिनचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा तिच्या ओळखीचा आकडा) काढून जुळवून बघा. तो जुळल्याशिवाय कार्डावरची फाइल पुसायची नाही.

एवढी काळजी कशाला, तर मी एकदा बाजारातून ६४ जीबीचं म्हणून घेतलेलं कार्ड नकली निघालं. कॉपी बिनतक्रार पूर्ण झाली आणि फाइली मात्र अर्ध्या कोऱ्या. तेव्हापासून नवं कार्ड आधी विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने पूर्ण तपासतो, लिनक्सवर ‘एफ३’ने. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि थ्रीडीएसला ती वाचता येत नाहीत. ती फॅट३२ करून घ्या.

प्रत ठेवायची कुठे? सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं सुखरूप राहायची, पण २००५ च्या पुरात पाणी त्या पेवांतच शिरलं. २०१९ च्या पुरात तर आम्ही कपाटातलं सामान माळ्यावर चढवत होतो, त्यात थ्रीडीएस आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच पिशवीत होती. ती पिशवी हातातून सुटली असती तर दोन्ही एकदमच गेलं असतं. आता एक डिस्क मिरजेला बहिणीकडे असते.

रिस्टोअर करायची वेळ आली तर बिन आणि शा पुन्हा ‘जीएम९’च्या ‘आउट’मध्ये ठेवा. मेगास्क्रिप्टमधून ‘रिस्टोअर ऑप्शन्स’ आणि तिथे ‘सिसनँड रिस्टोअर (सेफ)’ निवडा. हा ‘सेफ’ शब्द वाचूनच पुढे जा: यात ‘बूटनाइनस्ट्रॅप’ हा मॉडचा पाया असलेला प्रोग्रॅम शाबूत राहतो, म्हणजे मॉडही टिकतं. लिहायला सुरुवात करण्याआधी स्क्रीनवर बटणांचा क्रम येतो, तो दाबताना घाई नको. मित्राच्या यंत्राची बिन आपल्या यंत्रात कधीच टाकू नका. प्रत्येक यंत्राच्या किल्ल्या वेगळ्या असतात, परकी नँड टाकली की यंत्र सुरूच होत नाही.

नँडनंतर त्याच दिवसाची कार्डाची प्रत कार्डावर टाका. यंत्र चालू करून होम मेनूवर सगळे गेम दिसतात का पाहा, एखाद्या गेमचा सेव्ह उघडून दोन मिनिटं खेळा, आणि मगच कार्डावरची बिन पुसून जागा मोकळी करा.