लष्कराचा लिलावातला ट्रक: फॉर्म २१ पासून पासिंगपर्यंत

लष्कराचा जुना ट्रक बघायला गेलेला माणूस आधी बोनेट उघडतो, मग टायरवर लाथ मारतो, मग खाली वाकून पुढचा ॲक्सल बघतो. इंजिन, टायर, ॲक्सल हे सगळं पैसे टाकले की दुरुस्त होतं. कागद होत नाही. विक्री प्रमाणपत्रावर (म्हणजे फॉर्म २१ वर) चेसिस क्रमांकाचा एक आकडा चुकला, तर उत्तम चालणारा ट्रकही वर्षभर अंगणात उभा राहतो. म्हणून बोनेट सगळ्यात शेवटी उघडा.

ही खरेदी 'ट्रान्सफर' नसते

सेनेच्या गाडीची नोंद आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण खातं ती स्वतः करतं आणि बाणाचं चिन्ह असलेला क्रमांक देतं. गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की त्याच कलमाप्रमाणे तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात, म्हणजे इतर कोणत्याही गाडीसारखी तिची नोंदणी सक्तीची होते. ही तिची पहिली नागरी नोंदणी. त्यामुळे मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि आधीच्या आरटीओची एनओसी यांचा इथे संबंध नाही. अर्ज फॉर्म २० मध्ये होतो आणि त्यात नवी गाडी, माजी लष्करी गाडी आणि आयात गाडी असे वेगळे पर्याय असतात. 'माजी लष्करी' हाच पर्याय नोंदला गेला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण मानकाची नसलेली गाडी नवीन म्हणून नोंदवता येत नाही. खिडकीवरच्या माणसाने सवयीने 'नवीन' निवडलं, तर अर्ज तिथेच अडकतो.

आधीच्या मालकाने एकदा आरटीओत पासिंग करून घेतलेला लष्करी ट्रक विकत घेत असाल, तर गोष्ट सोपी आहे. ती साधी ट्रान्सफर: फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी. वाहन पोर्टलवर फिटनेस, टॅक्स आणि चेसिस क्रमांक ताडून घ्या. पुढचं सगळं थेट लिलावातून घेतलेल्या ट्रकबद्दल आहे.

बोली लावण्याआधी

लिलाव बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-ऑक्शनवर होतात. नोंदणी करायची, इसार म्हणून ईएमडी भरायची, दिलेल्या तारखांना डेपोत जाऊन लॉट बघायचा आणि मग बोली. गाडी 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर मिळते. एकदा बोली लागली की गिअरबॉक्स रिकामा निघाला तरी तक्रारीला जागा नाही. बोलीच्या रकमेवर जीएसटी आणि टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) वेगळे येतात, उचलायला ठरावीक मुदत असते आणि ती उलटली की जागाभाडं सुरू.

लॉटच्या अटींमध्ये सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा: हा ट्रक चालवण्यासाठी विकतायत की कटिंगसाठी? केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला नियम ५२अ १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातूनच लावायची असते. संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती आणि इतर विशेष गाड्यांना त्यात सूट आहे, पण ती सूट सेनेला गाडी वापरत राहण्यासाठी आहे, तुम्हाला ती विकत घेण्यासाठी नव्हे. अटीत 'फक्त आरव्हीएसएफसाठी' (म्हणजे अशा स्क्रॅपिंग केंद्रासाठी) किंवा 'भंगार म्हणून' असं असेल तर तो लॉट सोडा. त्या मालाला फॉर्म २१ मिळणार नाही आणि फॉर्म २१ शिवाय पासिंग नाही. भंगारवाल्याकडून 'चालू कंडिशन' ट्रक घेऊन नंतर कागद उभे करून देतो म्हणणारे भेटतात. ते जे उभं करतात त्याला खोटे दस्तऐवज म्हणतात.

'बीईआर' हा शेरा मात्र घाबरण्यासारखा नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला परवडत नाही, एवढाच सेनेचा हिशोब त्यात असतो. तुमचा हिशोब वेगळा असू शकतो.

सुट्या भागांचा विचार करून मॉडेल निवडा. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतला शक्तिमान मूळ जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर बनायचा आणि त्याचं उत्पादन थांबून कित्येक वर्षं झाली. त्याचे भाग आता जुन्या ट्रकांतूनच काढावे लागतात. टाटा एलपीटीए ७१३ आणि अशोक लेलँडचा स्टॅलियन यांचे पुष्कळ भाग त्याच कंपन्यांच्या नागरी ट्रकांशी जुळतात. मात्र पुढचा ड्रायव्हिंग ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) यांचे भाग तिथेही सहज मिळत नाहीत. बघायला जाल तेव्हा तेच दोन तपासा, इंजिन नंतर.

बोलीआधी ज्या आरटीओत नोंदणी करायची, तिथे लॉटमधल्या मॉडेलचं नाव, उत्पादनाचं वर्ष आणि वजन लिहून लेखी विचारणा करा. कलम ४० प्रमाणे तुमची राहती किंवा व्यवसायाची जागा, जिथे गाडी एरवी उभी राहणार, ज्या राज्यात आहे त्या राज्यातलं कोणतंही नोंदणी कार्यालय चालतं. तोंडी 'होऊन जाईल' याला काही किंमत नाही. दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या डिझेल गाड्यांवर वेगळे निर्बंध आहेत, तिथल्या पत्त्यावर जुना लष्करी ट्रक घेण्याच्या फंदात पडू नका.

फॉर्म २१: इथे वेळ घालवा

नव्या गाडीचा फॉर्म २१ डीलर देतो. लिलावातल्या लष्करी गाडीचा तो संरक्षण खात्याचा अधिकारी देतो आणि नियम ४७ प्रमाणे अर्जासोबत त्याची मूळ प्रत लागते. झेरॉक्स, लॉटची यादी, डिलिव्हरी ऑर्डर यांपैकी काहीही त्याची जागा घेत नाही.

त्यात उत्पादनाचं वर्ष, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, अश्वशक्ती, इंधन, सिलिंडरची संख्या, रिकामं वजन, प्रत्येक ॲक्सलवरचं वजन, एकूण भारासह वजन, रंग आणि बॉडीचा प्रकार हे रकाने असतात. एकही कोरा ठेवून घेऊ नका. डेपोच्या फाटकाबाहेर पडल्यावर तो भरून घेणं फार अवघड, कारण अधिकारी बदलतात आणि लॉटची फाईल बंद होते.

सगळ्यात जास्त घोळ इंजिन क्रमांकाचा. लष्करी वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलच्या वेळी इंजिन सरसकट बदललं जातं. रेकॉर्डवर जुना क्रमांक, ब्लॉकवर दुसराच. म्हणून ब्लॉकवरचा क्रमांक घासून, स्वच्छ करून स्वतः वाचा, फोटो काढा आणि प्रमाणपत्रावर तोच लिहून घ्या. चेसिस क्रमांक रंगाच्या चार-पाच थरांखाली दबलेला असतो. पेंट रिमूव्हर लावून, कापडाने पुसून काढा. ग्राइंडर चुकूनही लावू नका. क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की निरीक्षकाला छेडछाडीचा संशय येतो, आणि तो रास्तच आहे. साफ झाल्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, दोन-तीन प्रती ठेवा.

नाव आणि पत्ता तुमच्या आधार किंवा जीएसटी नोंदणीशी अक्षरशः जुळला पाहिजे. बोली फर्मच्या नावाने लावली असेल तर प्रमाणपत्र फर्मच्याच नावाने येतं आणि नोंदणीही त्याच नावाने होते.

घरी आणताना

डेपोतून ट्रक चालवत आणू नका. विनानोंदणी गाडी चालवल्यास कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि विमा नसताना अपघात झाला तर त्यापुढे तो दंड किरकोळ वाटेल. लो-बेड ट्रेलर करा. उंची मोजून घ्या: ट्रेलरवर चढवल्यावर ताडपत्रीच्या कमानी रेल्वेच्या हाइट गेजला लागतात, त्या आधीच उतरवलेल्या बऱ्या. ताबा घेतल्यापासून प्रवासाचे दिवस वगळून सात दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. सात दिवसांत रंग आणि ब्रेक होणार नाहीत हे उघड आहे, म्हणून अर्ज आधी दाखल करा आणि तपासणीची तारीख नंतरची घ्या.

रंग

केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम १२१: संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. यात पळवाट नाही. 'मूळ रूप जपायचंय' हे कारण चालत नाही. तपासणीआधी ट्रक पूर्ण रंगवा, केबिनच्या आत आणि बॉडीच्या खालच्या बाजूलाही. बाणाचा क्रमांक, फॉर्मेशनची (लष्करी तुकडीची) चिन्हं, ताऱ्यांची पाटी, सगळं उतरवा. फॉर्म २१ वर रंग ऑलिव्ह ग्रीन लिहिलेला असणार, म्हणून रंगकामाचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो अर्जाला जोडा आणि फॉर्म २० मध्ये नवा रंग लिहा. जुन्या रंगावर थेट मारलेला रंग दोन पावसाळ्यांत सोलतो आणि खालचा हिरवा वर येतो. प्रायमर टाळू नका.

वर्ग कोणता मागायचा

मालवाहू ट्रक फक्त स्वतःचा माल न्यायला वापरला तरी तो परिवहन वाहनच राहतो: फिटनेस, परमिट, स्पीड गव्हर्नर सगळं आलं. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत मात्र काही गाड्या बिगर-परिवहन यादीत आहेत: रिग, जनरेटर किंवा कंप्रेसर बसवलेल्या गाड्या, क्रेन बसवलेल्या गाड्या, टो ट्रक आणि रिकव्हरी व्हॅन, खासगी वापराची कॅम्पर व्हॅन. बहुतेक लष्करी ट्रक शेवटी बोअरवेलच्या रिगखाली किंवा क्रेनखाली का सापडतात, ते इथे कळतं. सेनेनेच रिकव्हरी गाडी म्हणून वापरलेला लॉट मिळाला आणि फॉर्म २१ वर बॉडीचा प्रकार तसाच असला, तर तो वर्ग सरळ मागता येतो. साध्या ट्रकवर क्रेन बसवायची असेल तर कलम ५२ खाली बदलाची मंजुरी आधी, वेल्डिंग नंतर. घरी सोफा-पलंग ठोकून कॅम्पर होत नाही. मोटार कॅरावॅनला एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे.

व्हिंटेज नोंदणीची आशाही ठेवू नका. २०२१ पासूनचे व्हिंटेजचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि एम-१ (प्रवासी कार) वर्गातल्या चारचाकींसाठी आहेत. जुनी जीप त्यात बसू शकते, ट्रक नाही.

तपासणीआधी ट्रकवर करायची कामं

लष्करी ट्रकवर नागरी नियमांतल्या पुष्कळ वस्तू नसतातच. मागचा आणि दोन्ही बाजूंचे अंडररन गार्ड (लहान गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणूनचे अडसर) लावावे लागतात. बाजूचा गार्ड लावताना सुट्या चाकाचा स्टँड आणि डिझेलची टाकी आडवी येते, आधी माप घ्या. रेडियमच्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे लाल, आणि त्या एआयएस-०९० चं चिन्ह असलेल्याच. परिवहन वर्गात ८० किमीला बांधलेला स्पीड गव्हर्नर आणि फास्टॅग. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नोंदणीनंतर येते, पण तिच्यासाठी जागा आणि दिवा आत्ताच करा.

वायरिंग २४ व्होल्टचं आहे. ब्लॅकआउट स्विचमुळे (अंधारात लपून चालताना दिवे घालवण्यासाठीचा) सगळे दिवे एका फिरत्या स्विचमधून जातात आणि तो गंजला की ब्रेकलाइट कधी लागतो, कधी नाही. तो स्विच काढून नागरी पद्धतीचं वायरिंग करणं स्वस्त पडतं. मागच्या डिफरन्शियलवर पडणारा कॉन्व्हॉयचा (ताफ्यात मागच्या गाडीला दिसण्यासाठीचा) दिवाही काढा. फोन चार्जरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका, त्या जोडीत एक जास्त चार्ज होते, दुसरी कमी, आणि दोन्ही मरतात. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा.

ब्रेक हे खरं काम. बरीच वर्षं उभ्या ट्रकच्या एअर टाकीत पाणी आणि गंज असतो. टाक्या उतरवून धुवा, सगळ्या रबरी नळ्या आणि डायफ्राम नवे घाला, लायनर घासलेले नसले तरी तेलाने भिजलेत का बघा. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड आठवडा आणि वर्ष सांगतो. नक्षी नवी दिसली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर घसरतं.

पीयूसीला बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीची धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक) आहे. न सुधारलेलं जुनं इंजिन त्यात नापास होतं. नोझल तपासून, एअर फिल्टर बदलून आणि इंजिन पूर्ण गरम करूनच जा.

आरटीओच्या दिवशी

सोबत न्या: फॉर्म २०, मूळ फॉर्म २१, विम्याचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, पॅन, एमएसटीसीचं बिल आणि डिलिव्हरी ऑर्डर, चेसिस आणि इंजिन क्रमांकाच्या पेन्सिल छापा, वजनकाट्याची पावती, पीयूसी. विमा नोंदणीआधीच, चेसिस आणि इंजिन क्रमांकावर काढावा लागतो. थर्ड पार्टी मिळतो, पूर्ण विमा एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. थर्ड पार्टीचा हप्ता एकूण वजनाच्या टप्प्यावर ठरतो, म्हणून पॉलिसीवरचं वजन फॉर्म २१ शी जुळवा.

वजनकाट्यावरचं रिकामं वजन फॉर्म २१ पेक्षा बरंच वेगळं आलं तर निरीक्षक कारण विचारतो. उतरवलेली कमान, काढलेला विंच, लावलेले गार्ड यांची यादी हाताशी ठेवा. मागे जोडटायर नसल्यामुळे ॲक्सलची मर्यादा नागरी ट्रकपेक्षा कमी धरली जाते, तेव्हा जास्त भार दाखवून घेण्याचा हट्ट करू नका.

आठ वर्षांवरच्या परिवहन वाहनाचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो आणि वयाबरोबर त्याचं शुल्क चढत जातं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. वर्षातून दोनदाच ट्रक बाहेर काढणाऱ्याने ही बेरीज बोलीआधी करावी.

चालवताना

एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो. परिवहन वर्गातल्या गाडीसाठीही हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यापुढे परिवहन परवाना लागतो: वय किमान वीस आणि एलएमव्ही घेऊन एक वर्ष झालेलं. वजन फॉर्म २१ वरचं धरायचं, ट्रक रिकामा आहे म्हणून सवलत नाही.

पुढचा ॲक्सल स्वतंत्र लिव्हरने जोडता येत असेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर तो जोडू नका. वळणात पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नसतो, ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर जोर लावू नका. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर हाताने निघतो.