स्लॅपडी सुरूच होत नाही? कमांड लाइनवरच्या या चुका टाळा

लाइट गेली, आली, सर्व्हरही चालू झाला, पण लॅबमधल्या एकाही मशीनवर लॉगिन होत नाही. राजापूर, देवगड, गुहागरकडच्या कॉलेजांत पावसाळ्यात ही वेळ कधीही येऊ शकते. सगळ्यांची युजरनेमं आणि पासवर्ड एका ओपनएलडॅप (युजरांची यादी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर असतील, तर सगळं काम स्लॅपडी नावाच्या एका डेमनपाशी, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामपाशी, अडतं. मुलं दारात उभी असतात, प्रॅक्टिकलची वेळ झालेली असते आणि घाईत जे केलं जातं, त्यानं मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान होतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी तीन गोष्टींची खात्री करा: स्लॅपडी कोणत्या युजरच्या नावानं चालतोय, कोणतं कॉन्फिगरेशन वाचतोय आणि कोणत्या पत्त्यावर ऐकतोय. बहुतेक घोळ यातल्याच एखाद्या गोष्टीत सापडतो.

सर्वांत आधीची चूक म्हणजे सर्व्हिस पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसणं. स्लॅपडी बॅकग्राउंडला जातो, त्यामुळे टर्मिनलवर काहीच दिसत नाही. त्याला डॅश डी हा पर्याय आणि त्यापुढे किती तपशील छापायचा ती पातळी देऊन चालवा. डॅश डी दिला की तो फोरग्राउंडलाच, म्हणजे टर्मिनलवर समोरच, राहतो, अगदी पातळी ० दिली तरी. रोजच्या तपासणीला २५६ पुरते. कोण जोडलं गेलं, कशाचा शोध झाला, काय उत्तर गेलं हे त्यात दिसतं. कॉन्फिगरेशनवर संशय असेल तर ६४, परवानग्यांच्या नियमांवर असेल तर १२८. उणे १ देऊ नका. त्यात सगळंच छापलं जातं आणि कामाची ओळ हाती लागत नाही.

स्लॅपडी बंद पडताना शेवटी एक ओळ छापतो: ‘कनेक्शन्स डिस्ट्रॉय, नथिंग टू डिस्ट्रॉय’. ही ओळ म्हणजे बिघाड नव्हे. तो बंद होतोय, एवढंच ती सांगते. खरं कारण तिच्या वरच्या चार-पाच ओळींत असतं, म्हणून खालून वर वाचत जा. तिथे ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आणि एरर क्रमांक ९८ दिसला, तर ३८९ हा पोर्ट (एलडॅपचं नेटवर्कवरचं दार) आधीच कोणीतरी धरलेला आहे. बहुतेक वेळा तो सिस्टमडीनं (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामनं) सुरू केलेला स्लॅपडीच असतो. ‘एसएस’ कमांडनं पोर्ट कोणाकडे आहे ते पाहा, सर्व्हिस रीतसर थांबवा आणि मगच हातानं चालवा.

हातानं चालवताना होणारी चूक मात्र फार महागात पडते. ३८९ आणि ६३६ (एनक्रिप्टेड जोडणीचा) हे दोन्ही पोर्ट १०२४ च्या खालचे, त्यामुळे ते उघडायला सहसा रूट (सर्वाधिकार असलेला युजर) लागतो. रूट होऊन नुसतं ‘स्लॅपडी’ टाइप केलं की तो रूट म्हणूनच चालत राहतो. तेवढ्या वेळात तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. तुम्ही तपासणी संपवून सर्व्हिस सुरू करता आणि आता ती ‘परमिशन डिनाइड’ म्हणून पडते. बिघाड एक होता, आता दोन झाले. यावर उपाय साधा आहे: डॅश यू आणि डॅश जी देऊन युजर आणि ग्रुप सांगा. डेबियन, उबुंटूवर हा युजर ‘ओपनएलडॅप’ असतो, रेड हॅटच्या घराण्यात ‘एलडॅप’. पोर्ट उघडून झाले की स्लॅपडी स्वतःच त्या युजरवर उतरतो.

स्लॅपअ‍ॅड, स्लॅपइंडेक्स आणि स्लॅपटेस्ट या डेटा भरणं, इंडेक्स बनवणं आणि कॉन्फिगरेशन तपासणं यासाठीच्या कमांडनाही हेच लागू. ‘सुडो’ लावून स्लॅपअ‍ॅड केलं की डेटाबेसची नव्यानं बनणारी डेटा डॉट एमडीबी फाइल रूटची होऊन बसते. आधी मालकी पाहा, चुकली असेल तर चाउन कमांडनं बदला. मालकी बरोबर असूनही नकार येत असेल आणि डेटाबेस तुम्ही नव्या डिस्कवर हलवला असेल, तर उबुंटूवर अ‍ॅपआर्मर (प्रोग्रामला कुठल्या फाइली उघडता येतील ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) अडवत असतो. कर्नल लॉगमध्ये ‘डिनाइड’ शोधा. चिडून सगळ्यांना लिहिण्याची परवानगी देऊन टाकू नका. त्या फाइलींत लोकांचे पासवर्ड आहेत.

कॉन्फिगरेशनचा घोळ वेगळा. स्लॅपडी डॉट कॉन्फ बदलली, रीस्टार्ट केलं, तरी फरक शून्य? स्लॅपडी डॉट डी ही डिरेक्टरी वैध असेल आणि तुम्ही काही सांगितलं नसेल, तर स्लॅपडी तिचंच ऐकतो. कॉन्फ फाइलकडे तो वळतही नाही. डॅश स्मॉल एफ म्हणजे फाइल, डॅश कॅपिटल एफ म्हणजे डिरेक्टरी. दोन्ही एकदम दिले तर फाइलचं रूपांतर होऊन ते डिरेक्टरीत लिहिलं जातं, तेव्हा सावध. त्या डिरेक्टरीतल्या फाइली व्हीआयसारख्या एडिटरमध्ये उघडून बदलायच्या नसतात. प्रत्येकीच्या डोक्यावर तसं लिहिलेलं असतं आणि चेकसमही (फाइल बदलली का ते ओळखणारा आकडा) असतो. बदल एलडॅपमॉडिफाय कमांडनं करा.

एलडॅपमॉडिफाय ‘एलडॅपआय’ सॉकेटवरून (त्याच मशीनमधल्या अंतर्गत वाटेनं) जोडला जात नसेल, तर स्लॅपडी कुठे ऐकतोय ते बघा. डॅश एच दिला नाही तर तो फक्त ३८९ उघडतो, सॉकेट उघडतच नाही. आणि दोन-तीन पत्ते द्यायचे असतील तर सगळे मिळून एकाच अवतरणचिन्हात ठेवा, मध्ये स्पेस देऊन.

थांबवताना किल डॅश ९ (प्रोग्राम एका झटक्यात मारणं) नको. पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) फाइलमधला क्रमांक घेऊन इंटरप्ट सिग्नल द्या आणि थोडं थांबा. एमडीबी डेटाबेस अचानक लाइट गेली तरी सहसा शाबूत राहतो, ही आपल्याकडच्या विजेच्या दृष्टीनं मोठी सोय आहे. पण वेग वाढवायला कोणी ‘डीबी नो सिंक’ (डिस्कवर लगेच न लिहिण्याचा पर्याय) चालू केलं असेल, तर ती हमी संपली. ते बंद करा. नोंदी वाढल्यावर ‘मॅप फुल’ असा एरर आला तर डिस्क भरलीये असं समजू नका. कमाल आकार ठरवलेला नसेल तर तो १० एमबीच असतो. ‘मॅक्स साइज’ वाढवा.

आणखी एक, जे पटकन सुचत नाही. मदरबोर्डची बॅटरी संपलेली असेल तर लाइट आल्यावर मशीन जुन्या तारखेनं उठतं. इंटरनेटही बंद असेल तर वेळ जुळत नाही आणि टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारलं जातं. प्रमाणपत्र नव्यानं बनवण्याआधी ‘डेट’ टाइप करून बघा.

बॅकअप स्लॅपकॅट या डेटा फाइलीत काढणाऱ्या कमांडनं घ्या: डॅश एन ० नं कॉन्फिगरेशन, डॅश एन १ नं सहसा डेटा. एमडीबी असेल तर त्यासाठी स्लॅपडी थांबवावा लागत नाही. स्लॅपअ‍ॅडसाठी मात्र थांबवायलाच हवा. त्या फाइली सर्व्हरच्याच खोलीत ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते पाण्याखाली गेलं. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक दुसऱ्या गावी असू द्या. आणि मे महिन्यातच एखाद्या रिकाम्या मशीनवर आधी ० आणि मग १ स्लॅपअ‍ॅड करून, स्लॅपडी चालवून, एका ओळखीच्या युजरचं लॉगिन होतंय का ते पाहून घ्या.