संशोधन आणि विकास विभागात नव्याने रुजू होताना

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकण पट्ट्यातील कारखान्यात तंत्रज्ञान-विकासाचे नियोजन पाहताना मला सर्वाधिक उणीव जाणवली ती कोणते काम केव्हा हाती घ्यावे आणि कोणते थांबवावे हे ठरवू शकणाऱ्या माणसांची. कल्पक अभियंते बहुतेक ठिकाणी असतातच.

भारत स्टेज सहा या वाहनांच्या धुराच्या मानकाचा काळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा लागू होईल, असे केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हा दुचाकींच्या कार्ब्युरेटरला (इंजिनासाठी इंधन आणि हवा मिसळणारा भाग) चांगली मागणी होती. परंतु नव्या मर्यादा पाळायच्या तर बहुतेक दुचाकींना इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने इंधन फवारणाऱ्या यंत्रणेकडे, वळणे भाग होते. चार वर्षे कागदावर ऐसपैस वाटतात. प्रत्यक्षात वाहनाचे प्रमाणन, त्याआधी ग्राहक कंपनीची सुट्या भागाला मंजुरी, त्याआधी टिकाऊपणाच्या चाचण्या आणि त्याहीआधी टूलिंग (भाग बनवण्याचे साचे व साधने), असे अंतिम तारखेपासून मागे मोजत आले, की निर्णय घेण्यासाठी फार थोडा अवधी उरतो. हे उलटे वेळापत्रक मांडणे नवख्याने सर्वांत आधी शिकावे.

तंत्रज्ञानाची तयारी मोजण्यासाठी नासाने रूढ केलेली ९ पायऱ्यांची मोजपट्टीही आत्मसात करावी. प्रयोगशाळेत चालणारा नमुना चौथ्या पायरीच्या आसपास असतो, विक्री विभाग मात्र तो तयार झाला असे धरून चालतो (आणि ग्राहकाला तसे सांगूनही टाकतो). खरा खर्च पुढच्या पायऱ्यांवर होतो, त्यामुळे प्रकल्प बंद करायचा असल्यास तो टूलिंगची ऑर्डर देण्यापूर्वीच करावा.

पेटंटचा तात्पुरता अर्ज नमुना बाहेर दाखवण्याआधी करावा. संपूर्ण तपशील सादर करण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात. करसवलतीवर मात्र प्रकल्पाचा डोलारा उभारू नये. मान्यताप्राप्त संशोधन केंद्रांच्या खर्चावरील २०० टक्के वजावट २०१७-१८ पासून १५० आणि २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली, तेव्हा निव्वळ तिच्याच आधारावर समर्थनीय ठरणाऱ्या प्रकल्पांचा हिशेब कोलमडणे अटळ होते.

पहिल्या वर्षात ग्राहकाच्या खरेदी विभागाशी होणाऱ्या बैठकांना बसण्याची परवानगी अवश्य मागावी, कारण भागाच्या किमतीचे लक्ष्य तिथे ठरते आणि ते न गाठणारे उत्तम तंत्रज्ञानही उत्पादनापर्यंत पोहोचत नाही.