टांकसाळीची चूक की नुसतं खराब नाणं?
पाच रुपयांचं पितळी नाणं काळं पडलं की लोक माझ्याकडे धावत येतात. बहुतेकदा तो घामाचा डाग असतो, घासू नका. मी आधी वजन बघते: २०११ पासूनचा स्टीलचा रुपया ३.७९ ग्रॅम. मग भिंग घ्या. तडकलेल्या साच्याची रेघ उंच येते, नखाला लागते. ओरखडा खोल जातो, कडेला धातू सरकलेला दिसतो.

माझी लाडकी चूक म्हणजे उलटा ठसा. आधीचं नाणं साच्यातच चिकटतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर उमटतं. एका बाजूला सिंह उठावदार, दुसरीकडे तेच सिंह खोलगट, अक्षरं आरशातली. शेगड्यात (घट्ट आवळणाऱ्या लोखंडी पकडीत) दाबून केलेल्या बनावट नाण्यात चांगली बाजूही चेपलेली असते, तिथेच नीट बघा.