ऑनलाइन गणित शिकवायचंय? आधी पेनाचं बघा

ऑनलाइन गणित शिकवायचं म्हटलं की लोक कॅमेरा नि माइक शोधत बसतात, पण घोडं अडतं ते लिहिण्यापाशी. माउसने अपूर्णांक लिहून बघा, तुमचं तुम्हालाच लागणार नाही. म्हणून पहिला खर्च पेन टॅबलेटवर (कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेनाने लिहिलं की स्क्रीनवर उमटतं), स्क्रीन नसलेला साधा वॅकॉम किंवा ह्युऑन चालतो. सुरुवातीला हात खाली नि नजर वर असं जमत नाही, अक्षर वाकडंतिकडं येतं, काही दिवस कच्ची गणितं त्यावरच सोडवा म्हणजे हात बसतो. आणि हो, सेटिंगमध्ये टॅबलेटचा एरिया स्क्रीनच्याच प्रमाणात करून घ्या, नाहीतर वर्तुळ काढायला जाल नि लंबगोल येईल.

टॅबलेट नसेल तर फोन स्टँडवर उलटा लावून कॅमेरा वहीवर धरायचा आणि त्याच मीटिंगला फोनवरूनही जॉइन व्हायचं, फक्त फोनचा माइक आणि आवाज दोन्ही बंद, नाहीतर नुसतं घुमतं.

आता बोर्ड. माझ्या मते आपलं लिहिलेलं मुलाला दिसणं सोपं आहे, मुलाचा हात आपल्याला दिसणं अवघड, आणि चूक तर तिथेच असते! चिन्ह बदलायचं राहिलं का कंस सोडवताना गडबड झाली हे नुसत्या उत्तरावरून कळत नाही. त्यासाठी एक्सकॅलिड्रॉ बरं, ब्राउझरमध्ये उघडतं, लिंक पाठवली की मूल लॉगिन न करता त्याच बोर्डवर लिहितं. तास संपला की बोर्ड सेव्ह करून ठेवा, फुकट सेवांचा भरवसा नसतो, गूगलचं जॅमबोर्ड 2024 संपता संपता बंदच झालं की.

कॉलसाठी झूमचं फ्री खातं 40 मिनिटांत कटतं, गूगल मीटवर एकालाच शिकवत असाल तर ती कटकट नाही.

आलेखाला डेस्मॉस. y = ax² + bx + c टाका, तिन्हीचे स्लायडर बनवा आणि मुलाला फक्त b हलवायला सांगा. अख्खा पॅराबोला सरकतो, पण शिरोबिंदू सरळ रेषेत जात नाही, तो स्वतःच दुसऱ्या पॅराबोलावरून फिरतो, y = c − ax². हे लगेच सांगून टाकू नका, त्याला हुडकू द्या. भूमितीला जिओजेब्रा, वर्तुळावर बिंदू घेऊन ओढत राहिलं की एकाच कंसातला कोन हलत नाही हे पोरांना डोळ्यांनी दिसतं (बिंदू पलीकडच्या कंसावर गेला की मात्र बदलतो, तोही एक प्रश्नच).

वर्कशीटसाठी लॅटेक (कोड लिहून गणितं छापायची पद्धत) शिकायलाच हवं असं काही नाही, विंडोजवर वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाचा बॉक्स उघडतो, शाळेच्या गणिताला तेवढं पुष्कळ झालं.